चिखलात बांध घालणारा मासा



खाचराला बांध घालतो तो शेतकरी, ही आपली साधी समजूत. बांध नसेल तर पाणी थांबत नाही, आणि पाणी थांबले नाही तर भात होत नाही. पण वीतभर लांबीचा एक मासा तोंडाने चिखल उचलून आपल्या वाट्याच्या जागेभोवती बांध घालतो, आत पाणी अडवतो, त्या पाण्याखाली आपले पीक वाढू देतो आणि शेजारी बांधावरून आत आला तर त्याला हुसकावून लावतो, असे कुणी सांगितले तर? देशावरच्या वाचकांना ही थाप वाटेल. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या बाजूच्या खारेपाटातल्या वाचकांना मात्र मासा लगेच ओळखू येईल. तो त्यांच्या ताटातला आहे. त्याची शेती त्यांनीही फारशी न्याहाळली नसेल, एवढेच. हा मासा म्हणजे निवटी. मोठा असेल तर निवटा.

माझी नोकरी भाताच्या पिकाची. खतांच्या मात्रा, रोपवाटिका, करपा, खोडकिडा हे माझे विषय. मासळीचे खाते वेगळे आणि त्यातले साहेबही वेगळे. तरीही मी आज निवटीवर लिहिणार आहे. खारजमिनीत बरीच वर्षे फिरल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, खारबांधाच्या आत काय चालले आहे ते कळायला बांधाच्या बाहेरचा चिखल पाहावा लागतो. आणि त्या चिखलाचा हालहवाल निवटीइतका चोख दुसरे कुणी सांगत नाही.

ज्यांनी निवटी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. ओहोटी लागली, खाडीचे पाणी मागे सरले आणि काळसर चिखल उघडा पडला की जागोजागी भोके दिसू लागतात. थोडा वेळ गप्प उभे राहा. भोकातून दोन डोळे वर येतात. डोळे अगदी डोक्याच्या माथ्यावर, बेडकासारखे. मग सगळे अंग बाहेर येते. करड्या रंगाचा, गोल काठीसारखा, बुळबुळीत मासा. छातीच्या दोन परांवर तो हात टेकून सरकावे तसा सरकतो, आणि भ्याला तर शेपटीचा फटका मारून टुणकन उडी घेतो. पाण्याविना तडफडणारा मासा आपण नेहमी पाहतो. हा पाण्याबाहेर येऊन चरतो.

पाण्याबाहेर त्याला श्वास कसा घेता येतो, असे मुले हमखास विचारतात. निवटी आपल्या कल्ल्यांच्या पोकळीत ओलावा धरून ठेवते. शिवाय तिच्या ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातूनही हवेतला प्राणवायू रक्तात जातो. म्हणून अंग ओले ठेवणे हा तिच्या जिवाचा प्रश्न. ती मधूनमधून डबक्यात लोळून घेते ती त्यासाठीच. डोळे सुकू नयेत म्हणून ती ते खोबणीत आत ओढते, ओले करते आणि पुन्हा वर काढते. लांबून पाहिले तर मासा डोळे मिचकावतो आहे असे वाटते. याच गुणामुळे बाजारात कोळणीच्या टोपलीत निवट्या कितीतरी वेळ जिवंत राहतात. बर्फ नको, पाणी नको, नुसते ओले फडके पुरे.

निवटीची जात शास्त्रात 'गोबी' नावाच्या माशांच्या मोठ्या गोतावळ्यात मोडते. उष्ण प्रदेशांच्या किनाऱ्यावर, खडकांत, प्रवाळांत, खाड्यांत आणि नद्यांतही हे गोबी पसरले आहेत. त्यांच्या हजाराहून कितीतरी अधिक जाती आहेत. फिलिपाइन्समधला एक गोबी पूर्ण वाढूनही जेमतेम एक सेंटिमीटर भरतो, म्हणजे भाताच्या एका दाण्याएवढा. पोटाखालचे दोन पर जुळून झालेली वाटीसारखी चकती ही या गोतावळ्याची खूण. निवटी उलटी करून पाहा, दिसेल. हल्ली काही शास्त्रज्ञ चिखलातल्या या उड्या मारणाऱ्या माशांचे कूळ वेगळे मानतात. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या तरी रक्त एकच, तसा हा प्रकार आहे.

आपल्याकडच्या निवटीचे शास्त्रीय नाव 'बोलिओफ्थॅल्मस द्युसुमिएरी'. नाव जिभेला जड आहे, पण त्यात आपला संबंध आहे. द्युसुमिए हा एक फ्रेंच जहाजमालक व्यापारी होता. हिंदी महासागरात व्यापार करता करता तो मासे आणि इतर जीव गोळा करून पॅरिसला पाठवी. वालान्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये मुंबईच्या नमुन्यांवरून या माशाचे वर्णन छापले आणि त्याला या व्यापाऱ्याचे नाव दिले. म्हणजे आपल्या आयाबायांनी पिढ्यान् पिढ्या कालवणात घातलेली निवटी जगाच्या दप्तरात मुंबईच्या पत्त्यावर नोंदलेली आहे. तिचा वावर इराक-कुवेतच्या आखातापासून पाकिस्तानच्या किनाऱ्यावरून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आहे. गुजरातेत तिला लेवटा म्हणतात.

आता तिच्या शेतीकडे वळू. ओहोटीच्या वेळी चिखलावर एक पातळ, सोनेरी-तपकिरी साय धरल्यासारखी दिसते. ती माती नव्हे. डायटम नावाच्या अतिसूक्ष्म शेवाळाचा तो थर. ऊन लागले की ते शेवाळ वाढते, जसे आपले पीक वाढते. निवटीचे मुख्य अन्न हेच. इतर कित्येक मासे दुसऱ्या माशांवर, कोलंबीवर, किड्यांवर जगतात. ही मात्र गाईगुरांसारखी चरणारी. तिचे खालचे दात पुढे आडवे झुकलेले असतात. तोंड चिखलाला टेकवून ती डोके डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवीत पुढे जाते. कापणीच्या वेळी विळा फिरवीत आपण पुढे सरकतो ना, अगदी तसे. तिच्या मागे चिखलावर कमानीच्या आकाराच्या रेघा उमटतात. मुंबईकडच्या निवटीच्या खाण्यापिण्याचा अभ्यास मुत्सद्दी आणि बाळ या अभ्यासकांनी १९७० च्या सुमारास केला होता. पण बांधाची गोष्ट पुढे आली ती कुवेतमधून.

कुवेतच्या आखातात चिखलाची विस्तीर्ण मैदाने आहेत आणि तिथे निवट्या दाटीवाटीने राहतात. क्लेटन नावाच्या अभ्यासकाने तिथे त्यांच्यावर बारकाईने लक्ष ठेवले आणि १९८७ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला दिसले ते असे. प्रत्येक निवटी आपल्या बिळाभोवतीची जागा राखते. तोंडात चिखल भरून आणते आणि हद्दीवर ठेवते. पुन्हा जाते, पुन्हा आणते. असे करता करता हद्दीवर चिखलाची बुटकी भिंत तयार होते. शेजारणीची भिंत तिला येऊन मिळते. वरून पाहिले तर सगळे मैदान मधमाशीच्या पोळ्यासारखे कोनाकोनांच्या खाचरांत वाटलेले दिसते. ओहोटीचे पाणी निघून गेले तरी या खाचरांत थोडे पाणी मागे राहते. त्या ओलाव्यात शेवाळ चांगले धरते आणि निवटीचे अंगही ओले राहते.

आणखी एक गोष्ट त्याने दाखवून दिली. भिंत असली की शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणे कमी होतात. भिंत काढून टाकली तर मारामाऱ्या वाढतात. बांधाच्या भांडणापायी तालुक्याच्या कोर्टात खेटे घालणाऱ्या काही मंडळींना मी हे सांगून पाहिले आहे. ते हसले, पण तारखेला गेलेच.

निवटीचे बीळही नुसते भोक नसते. भरती आली की ती त्यात दडते. बगळे, घारी आणि आपली माणसे यांच्यापासून लपायची तीच एक जागा. अंडीही त्यातच. चिखलात खाली गेले की पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. आपल्या खाचरात चिखल खोल ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तीच स्थिती. मग अशा जागी अंडी जगतात कशी? जपानमध्ये निवटीच्या एका चुलत जातीवर संशोधन झाले आणि त्याचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मादी बिळातल्या वर वळलेल्या कप्प्याच्या छताला अंडी चिकटवते. नर बाहेर येऊन तोंडात हवा भरून घेतो, आत जातो आणि ती हवा कप्प्यात सोडतो. ओहोटीमागून ओहोटी त्याच्या खेपा चालू असतात. अशा रीतीने पाण्याखालच्या चिखलात हवेची एक कोठी तयार होते आणि अंडी त्या हवेत वाढतात. पिल्ले बाहेर पडायची वेळ झाली की रात्रीच्या भरतीला तोच नर कोठीतली हवा तोंडाने बाहेर काढून टाकतो. पाणी आत शिरते आणि पाणी लागताच अंडी फुटतात. कणगीला शेणाचा लेप देऊन बियाणे राखणाऱ्या घरच्या म्हाताऱ्या माणसाची मला यावरून आठवण होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. खारजमीन आणि हा चिखल यांचे नाते काय?

समुद्राच्या भरतीपासून जमीन राखण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी चिखलाचे बांध घातले, उघाड्या बसवल्या, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढले आणि तिथे भात पिकवले. १९३३ मध्ये सुरू होऊन कित्येक वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप झाला तो याच खारेपाटात. या जमिनीसाठी माणसांनी काय सोसले ते त्यावरून कळावे. पुढे १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदा झाला, १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाच्या पनवेल येथील केंद्राने खारे पाणी सोसणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती दिल्या. हे सगळे आपण बांधाच्या आत उभे राहून पाहतो. बाहेर जे आहे त्याला कागदावर पडीक म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. ज्या जागेवर उन्हात पीक वाढते, ते चरणारे जित्राब आहे, त्या जित्राबावर बगळे जगतात, जिताडा आणि चिंबोरी जगते आणि आपल्याच गावातल्या बायका टोपली भरून घरी आणतात, ती जागा पडीक कशी?

तिथला चिखल आणि तिवरांची झाडी भरतीच्या लाटेचा जोर मोडतात. लाट थेट बांधावर आदळली तर बांध किती टिकेल, ते ज्यांच्या शेताला खांड पडली आहे त्यांनी इतरांना सांगावे. बांध पोखरतात ते खेकडे आणि उंदीर. निवटीवर तो आळ उगाच घालू नका. तिला बिळासाठी मऊ, ओला, रोज भरतीने भिजणारा चिखल लागतो. कडक झालेल्या बांधात ती घर करीत नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. खारेपाटातले शेतकरी मला विचारतात, "साहेब, तुम्ही तिवरांचे गुण गाता, पण आमच्या शेतातच तिवरे उगवली त्याचे काय?" हे गाऱ्हाणे खरे आहे. बांधाला खांड पडते, वेळेवर बुजवली जात नाही, खारे पाणी वर्षानुवर्षे आत येते, पाण्याबरोबर तिवरांचे बी येते आणि चार-पाच वर्षांत भाताच्या जागी झाडी उभी राहते. मग ती तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश देऊन आणि २०१८ मध्ये अंतिम निकाल देऊन कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आहे. सातबारा आपला, पण कुऱ्हाड लावता येत नाही, अशी स्थिती होते. ज्याची जमीन अशी गेली त्याला निवटीचे कौतुक सांगणे म्हणजे जखमेवर मीठ, हे मला समजते. परंतु यात दोष तिवराचा नाही, निवटीचाही नाही. दोष न बुजवलेल्या खांडीचा आहे. खांड पडली त्याच उधाणात तलाठ्याकडे आणि खारभूमी खात्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, गावाने मिळून पंचनामा करून घ्या. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण ओसरून भांगाची भरती आली की पाण्याचा जोर कमी असतो; तात्पुरती का होईना, माती त्याच दिवसांत पडली पाहिजे. पूर्वी घरटी एक माणूस बांधावर जात असे. आज ते बंद पडले आहे आणि त्याची किंमत आपण मोजतो आहोत.

शेती आणि चिखल यांचे भांडण लागले तर ते कुठवर जाते याचा एक दाखला जपानमध्ये आहे. तिथे आरिआके नावाचा उथळ समुद्र आहे. निवटीचीच एक जात, तिला ते मुत्सुगोरो म्हणतात, तिथल्या चिखलात राहते. तिथले मासेमार फळीवर गुडघा टेकून दुसऱ्या पायाने रेटा देत चिखलावरून घसरत जातात आणि लांब काठीला लावलेल्या गळाने दुरूनच मुत्सुगोरो अचूक टिपतात. याच समुद्राच्या इसाहाया उपसागराचे तोंड सरकारने सात किलोमीटर लांबीच्या बांधाने बंद केले. १४ एप्रिल १९९७ रोजी पोलादाचे २९३ पत्रे एकापाठोपाठ एक खाली पाडले गेले आणि सुमारे साडेतीन हजार हेक्टरांचा उपसागर भरतीपासून तुटला. हेतू वाईट नव्हता. शेतीला जमीन हवी होती आणि पुरापासून बचाव हवा होता. पण भरती थांबली तसा आतला चिखल सुकून भेगाळला आणि त्यातले जीव मेले. २००० सालच्या हिवाळ्यात आरिआकेतल्या समुद्री शेवाळाचे पीक बुडाले आणि मासेमारांनी बांधाला दोष दिला. मासेमार म्हणाले दारे उघडा. नव्या जमिनीवर बसलेले शेतकरी म्हणाले उघडाल तर खारे पाणी आमच्या पिकात येईल. एका न्यायालयाने २०१० मध्ये दारे उघडण्याचा हुकूम दिला, इतर खटल्यांत उलट निकाल लागले. अखेर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दारे न उघडण्याची बाजू टिकली. पंचवीस वर्षांवर काळ गेला आणि दोन्ही बाजूंना कष्टकरी माणसेच होती.

आपला खारबांध आणि हा बांध यांत फरक आहे. आपले जुने बांध गावाच्या शक्तीपुरते होते. त्यांनी खाडीचा काठ घेतला, खाडी घेतली नाही. बाहेर चिखल शिल्लक राहिला, म्हणून घरात भातही आला आणि निवटीही आली.

आता मात्र खाडीच्या काठावर भराव पडतो. राडारोडा, मुरूम, शहराचा कचरा. एकदा भराव पडला की शेवाळ मेले, निवटी गेली. कारखान्यांचे पाणी हा दुसरा घात. ठाण्याच्या खाडीतल्या गाळात जड धातू साठल्याचे अभ्यासकांनी वारंवार नोंदले आहे. निवटी त्या गाळाचा वरचा थरच खाते, तेव्हा गाळात जे आहे ते तिच्या अंगात येणार. म्हणून सांगतो, कारखान्याच्या नाल्याजवळची, तेलाचा तवंग असलेल्या पाण्यातली निवटी आणू नका, फुकट मिळाली तरी नको. आजूबाजूला चांगला चिखल असताना एखाद्या ठिकाणच्या निवट्या अचानक नाहीशा झाल्या तर तिकडे लक्ष द्या. पाणी तपासण्यापूर्वीच तिने निकाल दिलेला असतो.

तिसरे कारण आपल्या हातातले आहे, आणि माझ्या खात्याचा विषय तोच. भातावर फवारलेले औषध उघाडीतून खाडीत जाते. एंडोसल्फान माशांना किती घातक होते ते सर्वश्रुत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. पण आज वापरात असलेली कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातली औषधेही मासे, कोलंबी आणि चिंबोरी यांना अत्यंत विषारी आहेत. तेव्हा फवारणी केल्यावर किंवा दाणेदार औषध टाकल्यावर खाचरातले पाणी निदान चार-पाच दिवस बांधून ठेवा, उघाडीकडे सोडू नका. पावसाचा अंदाज असेल तर फवारणी पुढे ढकला. औषध धुऊन जाते, पैसे जातात आणि खाडी बिघडते. पंप खाडीच्या पाण्यात धुऊ नका. रिकाम्या बाटल्या बांधावरून बाहेर भिरकावण्याची सवय तर सोडाच. बिळात औषध ओतून निवट्या-चिंबोऱ्या बाहेर काढणारे महाभाग काही ठिकाणी आढळतात. असा मासा विकणारा शेजाऱ्याच्या मुलाबाळांना विष घालतो, आणि त्या बिळांत पुढे काही राहत नाही.

निवटीची तळ्यात शेती करता येईल का, असे तरुण मंडळी विचारतात. तैवानमध्ये करतात. उथळ तळे उन्हात सुकवतात, भाताचा कोंडा किंवा कोंबडीचे खत टाकतात, थोडेसे खारे पाणी आत घेतात आणि तळावर शेवाळ धरू देतात. मग पिल्ले सोडतात. म्हणजे माशाला चारा पिकवून द्यायचा. ऐकायला सोपे आहे. पण पिल्ले चिखलातूनच गोळा करून आणावी लागत, ही त्यातली मेख. बाहेरचा चिखल ओसाड झाला तर तळ्याला बियाणे कुठून आणणार? म्हणून खाचर मोडून निवटीचे तळे करा, असे मी कुणाला सांगणार नाही. खारजमिनीतल्या गावतळ्यात जिताडा पाळण्याची आपली जुनी चाल आहे, हौस असेल त्यांनी आधी ती नीट करावी.

पकडण्याबद्दल दोन शब्द. बिळात हात घालून निवटी काढणे ही कला आहे, आणि ती बहुतेक बायकांच्या हातात आहे. बिळाला एकाहून अधिक तोंडे असतात. एका तोंडात पाय रोवायचा आणि दुसऱ्यातून हात घालायचा, हे शिकवून येत नाही. कमरेएवढ्या चिखलात, भरतीच्या वेळेवर डोळा ठेवून हे काम चालते. पेणच्या किंवा अलिबागच्या बाजारात निवटीच्या वाट्याची किंमत ऐकून घासाघीस करणाऱ्यांनी एकदा त्या चिखलात तास काढून पाहावा. पोटात गाबोळी दिसू लागली की त्या दिवसांत मोठ्या माद्या सोडून द्याव्यात आणि बोटाएवढी पिल्ले तर कधीच उचलू नयेत. एका ठिकाणची सगळी बिळे एकाच ओहोटीत उपसू नयेत. जुन्या बाया हे पाळत असत.

शेवटी भगिनींसाठी. निवटी साफ करणे हे नव्या सुनेला अवघड जाते, कारण ती हातात ठरत नाही. परातीत निवट्या घेऊन त्यांवर चुलीतली चाळलेली राख किंवा जाडे मीठ टाका आणि झाकण ठेवा. वळवळ थांबली की खरखरीत फडक्याने किंवा नारळाच्या काथ्याने चोळून बुळबुळीत थर काढा. तीन-चार पाण्यांनी धुवा. डोक्याखाली चीर देऊन आतडी काढून टाका. चिखल खाणारा मासा आहे, आतडी राहिली तर कालवणाला मातकट वास येतो. मग हळद, मीठ आणि चिंचेचा किंवा आमसुलाचा कोळ लावून अर्धा तास ठेवा. तेलात लसूण ठेचून घाला, लाल मसाला परता, निवट्या टाका, बेताचे पाणी घाला आणि एकच चांगली उकळी येऊ द्या. पळीने ढवळू नका, टोप धरून हलवा. मास नाजूक असते, तुटते. वरून कोथिंबीर. तांदळाच्या भाकरीबरोबर वाढा, आणि मुलांना देताना मधला काटा काढून द्या.